गोठ्याचे वर्ष लिटरात नव्हे, दिवसांत मोजा

गावातला किराणा दुकानदार दिवाळीच्या पाडव्याला नवी वही घालतो. गेल्या साली उधारी किती थकली, यंदा माल किती भरायचा, याचा विचार तो त्या दिवशी करतो. आपल्यापैकी कितीजण गोठ्याची अशी वही घालतात? चार गाई दावणीला असल्या तरी दूधधंद्याला आपण 'जोडधंदा' म्हणतो आणि तिथेच हिशोबाला सुट्टी देतो. खरे तर दर दहा दिवसांनी घरात जो पैसा येतो, तो याच धंद्याचा असतो.

काहीजण वर्षाचे उद्दिष्ट ठरवतात, नाही असे नाही. "यंदा डेअरीला रोज ४० लिटर घालायचे," किंवा "यंदा लाखभर रुपये शिल्लक टाकायचे." ऐकायला बरे वाटते. पण दर ठरवणार डेअरी, पेंडीचा भाव ठरवणार बाजार, आणि वैरण किती होणार ते ठरवणार पाऊस. जे आपल्या हातात नाही त्याचे उद्दिष्ट ठेवून काय उपयोग? आपल्या हातातली गोष्ट एकच, आणि ती म्हणजे गाय एकदा व्याल्यापासून पुन्हा वेण्यापर्यंत किती दिवस जातात. यालाच दोन वेतांतील अंतर म्हणतात.

हिशोब करून बघा

गाईचे अंतर साधारण १३ महिने असावे, म्हणजे अंदाजे ३९० दिवस. आपल्याकडे अनेक गोठ्यांत ते दीड वर्षापर्यंत लांबते, म्हणजे ५४० दिवस. फरक झाला १५० दिवसांचा. चार गाई धरल्या तर एकेका वेतामागे ६०० दिवस झाले. या दिवसांत गाय एक तर शेवटशेवटचे थोडेसे दूध देते, नाही तर भाकड उभी असते. खाणे मात्र चालूच. समजा भाकड गाईचा खर्च रोजचा १०० रुपये धरला आणि ६०० पैकी निम्मे दिवस भाकड गेले, तरी ३० हजार रुपये गव्हाणीत गेले. आकडा तुमच्या गोठ्याचा घाला, उत्तर तुमचे तुम्हालाच मिळेल. शिवाय सहा वर्षांत १३ महिन्यांच्या अंतराने पाच वेते पुरी होतात, दीड वर्षाच्या अंतराने चारच. एक वेत आणि एक वासरू गेले ते गेलेच.

११० दिवसांची मुदत

गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा. तो कमी करता येत नाही. ३९० मधून २८० वजा केले की राहतात ११० दिवस. म्हणजे व्याल्यापासून ११० दिवसांच्या आत गाय गाभण राहिली पाहिजे. हेच तुमचे वर्षाचे उद्दिष्ट. पहिले दोन महिने गर्भाशय सावरण्यासाठी सोडा. मग हातात ५० दिवस उरतात. गाय दर २१ दिवसांच्या सुमारास माजावर येते, म्हणजे संधी मिळतात दोन, फार तर तीन. एक माज हुकला की २१ दिवस बुडाले.

म्हणून माज ओळखायला शिका. गाय हंबरते, अस्वस्थ होते, दूध चोरते, काचेसारखा स्वच्छ चिकट बळस लोंबतो. दुसरी गाय अंगावर चढली तर ती स्थिर उभी राहते, ही सर्वांत पक्की खूण. पुष्कळ गाई रात्री-पहाटे माज दाखवतात, तेव्हा निजण्यापूर्वी आणि उजाडताना गोठ्यात एक फेरी माराच. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा, आणि उन्हाळ्यात तिचा माज मुका असतो. तिच्याकडे जास्तच लक्ष हवे.

वही कशी घालायची

शाळेची शंभर पानी वही पुरे. प्रत्येक जनावराला एक पान. वर कानातल्या बिल्ल्याचा नंबर. खाली पाच तारखा: व्याली कधी, माज कधी दिसला, रेतन कधी केले, गर्भतपासणी कधी झाली, आटवायची कधी. समजा १ जानेवारीला भरवलेली गाय गाभण राहिली, तर ती ८ ऑक्टोबरच्या आसपास वेणार. त्याआधी दोन महिने, म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिला आटवायची. एवढी विश्रांती मिळाली तर पुढच्या वेताला कास भरून येते.

ही वही घरातल्या ज्या बाई धारा काढतात त्यांच्या हाताशी ठेवा. जनावराचा बदल आधी त्यांनाच कळतो. अनेक गावांत अमावस्येला औत जुंपत नाहीत. त्या दिवशी सगळ्यांनी बसून वही वाचावी. रेतनानंतर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून गर्भतपासणी करून घ्यावी. माज दिसला नाही म्हणजे गाय गाभणच आहे, असे समजून बसू नका. तीनदा भरवूनही गाय उलटत असेल तर चौथ्यांदा पैसे घालण्यापूर्वी ती डॉक्टरांना दाखवा. गर्भाशयाची तक्रार असते, नाही तर खुराकात खनिज मिश्रणाची कमतरता.

आणि एकाच सालात १८ महिन्यांवरून १३ वर यायचा हट्ट धरू नका. यंदा १६, पुढच्या वेताला १४, असे उतरत या. आज घरी गेल्यावर फक्त एवढे करा: प्रत्येक गाय शेवटची कधी व्याली, ते आठवून लिहून काढा. ज्या गाईची तारीख घरात कुणालाच सांगता येणार नाही, वहीचे पहिले पान तिचे.