ताप पाचव्या दिवशीही उतरत नाही तेव्हा

मुलाला ताप आला की आपल्या घरात निदान करणाऱ्यांची वाण पडत नाही. आजी म्हणते दात येताहेत, शेजारच्या काकू म्हणतात गोवर असेल, आणि वडील ऑफिसला जाता जाता सांगतात, "दोन दिवस वाट पाहू." बहुतेक वेळा ही मंडळी बरोबरही ठरतात.

परंतु ताप पाचव्या दिवशीही हटत नाही, डोळे लाल पण त्यांत चिपडे नाहीत, ओठ फुटलेले, जीभ लालभडक, अंगावर पुरळ, हातपाय सुजलेले, मानेत गाठ, असे चित्र दिसू लागले तर वाट पाहण्याचे दिवस सरले म्हणून समजावे. तोकियोचे डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी असा पहिला रोगी 1961 साली पाहिला आणि 1967 साली पन्नास मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. आज हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. खरा धोका तापाचा नव्हेच. उपचार न झाल्यास चारांपैकी सुमारे एका मुलाच्या हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या फुगतात.

हे होते कशाने? एक तर्क मोठा चमत्कारिक आहे. शरीरात शत्रू शिरला की त्याला ओळखणाऱ्या मोजक्याच पेशी जाग्या होतात. परंतु काही जंतूंची विषे अशी वस्ताद, की ती ओळखपाळख न पाहता पाचांतल्या एका पेशीला एकदम उठवतात. मध्यरात्री कुणी देवळाची घंटा बडवावी, सारे गाव काठ्या घेऊन धावावे आणि अंधारात आपल्याच घरांची कौले फोडावीत, तसा हा प्रकार. शास्त्रज्ञ या विषांना 'सुपरअँटिजेन' म्हणतात. टॉक्सिक शॉक नावाच्या जीवघेण्या आजारात त्यांचा हात सिद्ध झालेला आहे. कावासाकीच्या रोग्यांतही अशी विषे करणारे जंतू सापडल्याचे 1993 साली अमेरिकन डॉक्टरांनी जाहीर केले. पुढच्या मोठ्या तपासणीत मात्र निरोगी व रोगी मुलांतला तो फरक टिकला नाही. वाद अजून मिटलेला नाही.

2020 साली करोनानंतर तो पुन्हा पेटला. करोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना कावासाकीसारखाच दाह होऊ लागला, आणि त्या विषाणूचा एक तुकडा स्टॅफिलोकॉकस जंतूच्या विषासारखा दिसतो, असे काही संशोधकांनी दाखवले. हाही तर्कच. नगर जिल्ह्यात मे 2021 मध्ये आठ हजारांवर मुलांना करोना झाल्याच्या बातमीने महाराष्ट्र हादरला होता. त्यांतल्या बहुतेकांना लक्षणे नव्हती. तरीही पुढच्या दीड महिन्यात घरात साधा ताप आला की आयांच्या काळजात धस्स व्हावे, यात नवल ते काय!

उपाय आहे, आणि तो चांगला आहे. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेवाटे देतात. ते पहिल्या दहा दिवसांत दिले तर रोहिण्या फुगण्याचे प्रमाण शंभरी पाचांवर येते. औषध महाग, आणि दहा दिवस तरी कितीसे? अकोले तालुक्याच्या डोंगरात राहणाऱ्या कुटुंबाचे दोन दिवस घरी जातात, तीन गावच्या डॉक्टरांच्या गोळ्यांत, आणि पुरळ त्या गोळ्यांचेच समजण्यात आणखी दोन. मग लोणी, नगर किंवा नाशिक. तान्ह्या बाळांत तर सगळी लक्षणे दिसतही नाहीत. सोबत अ‍ॅस्पिरिन देतात. पण ते डॉक्टरांनी सांगितले तरच, एरवी मुलांना ते देऊ नये.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोटांची सालपटे निघू लागतात. ताप तोवर, औषध न देताही, बहुधा उतरलेला असतो. पोर अंगणात खेळत असते, आणि हृदयाचा 'इको' काढायची खरी वेळ तीच असते.