उशिरा बोलणारं मूल आणि घरातली माणसं

(व्याख्यानमालेतील चौथ्या पुष्पाचे शब्दांकन)

मागच्या तीन व्याख्यानांत आपण भाषा आणि विचार यांच्या नात्याविषयी बरंच तात्त्विक बोललो. आज घरातलं बोलू. दोन-अडीच वर्षांचं मूल आहे. हसतं, खेळतं, हाताला धरून फ्रीजपाशी नेतं, पण बोलत नाही. अशा घरात आई-वडिलांनी आणि आजी-आजोबांनी काय करायचं, हा आजचा विषय.

आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानातले, औषध देणारे नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. जे सांगणार आहोत ते थोडं वाचलेलं, थोडं तज्ज्ञांकडून शिकलेलं आणि थोडं स्वतःच्या चुकीतून उमगलेलं आहे.

चूक आधी सांगतो. आमचा नातू दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याच्याकडे जेमतेम पाच-सहा शब्द होते. सूनबाईंनी काळजी बोलून दाखवली. आम्ही दोघं म्हणालो, "अगं, याचा बापसुद्धा उशिराच बोलला. मुलगे उशिराच बोलतात. कशाला जिवाला घोर लावून घेतेस?" वडीलधाऱ्यांपुढे ती गप्प बसली. सात महिने गेले. शेवटी आम्हाला न विचारता तिने मुलाचे कान तपासून आणले. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलेलं होतं. त्याला वरचेवर सर्दी होते हे आम्हाला दिसत होतं. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसतो हेही दिसत होतं. पण दार आपटलं की वळून बघतो, म्हणजे ऐकू येतं, असा आमचा निष्कर्ष! आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं आणि घरात हा तर्क.

दार आपटल्याचा आवाज मोठा असतो. बोलण्यातले स, त, फ यांसारखे ध्वनी फार हलके असतात. पडद्यामागे पाणी असलं की मुलाला मोठे आवाज कळतात, पण शब्दांच्या कडा पुसून जातात. जे नीट ऐकूच येत नाही ते ते म्हणणार कसं? म्हणून टाळ्या वाजवून, ताट वाजवून घरी परीक्षा घेऊ नका. ऑडिओलॉजिस्टकडे तपासणी करा. मुलाने उत्तर द्यायची गरज नसते. 'बेरा' नावाची तपासणी तर मूल झोपलेलं असताना करतात.

मग कधी काळजी करायची? प्रत्येक मुलाची चाल वेगळी हे खरं, तरी काही खुणा आहेत. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास एखादा अर्थाचा शब्द, बोट दाखवणं, टाटा करणं. दोन वर्षांपर्यंत साधारण ५० शब्द आणि "दूध दे", "बाबा आले" अशी दोन शब्दांची जोडणी. 'भूभू', 'माऊ', 'भुर्र' हेही शब्दच धरायचे बरं का. मूल यात बरंच मागे असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हाक मारल्यावर बघत नसेल, बोट दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द गमावत असेल, तर एक दिवसही थांबू नका. "जीभ चिकटली असेल" किंवा "वेखंड चाटवा" यात महिने घालवू नयेत. जीभ खालून जखडलेली असली तर फार तर उच्चारांत अडचण येऊ शकते. मूल बोलतच नाही, याचं कारण सहसा ते नसतं.

खर्चाची धास्ती असेल तर अंगणवाडीत विचारा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते आणि गरज असेल त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

आता घराकडे वळू. आमच्या नातवाच्या कानांवर उपचार झाले, पण दुसऱ्या दिवसापासून तो घडाघडा बोलू लागला असं नाही. स्पीच थेरपिस्टबाई आठवड्यातून एकदा पाऊण तास भेटायच्या. बाकीचे सगळे तास घराचे. आम्ही मोठ्या उत्साहाने रंगांचा, फळांचा, प्राण्यांचा तक्ता आणला. "हे काय? म्हण, हत्ती. म्हण ना!" नातू तोंड फिरवून निघून जायचा.

इथे आम्हाला आमचाच जुना विषय आठवला. लुडविग विटगेन्स्टाइनचं 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' १९५३ साली प्रसिद्ध झालं. त्याची सुरुवातच संत ऑगस्टीनने सांगितलेल्या बालपणीच्या आठवणीपासून होते. मोठी माणसं वस्तूकडे वळून तिचं नाव घ्यायची आणि मी भाषा शिकलो, असं ऑगस्टीन सांगतो. विटगेन्स्टाइन म्हणतो, भाषेचं हे चित्र अपुरं आहे. त्याच्या उदाहरणातला गवंडी "लादी!" असं ओरडतो तेव्हा तो नाव सांगत नसतो, लादी मागत असतो. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो. हे आम्ही वर्गात कितीदा शिकवलं! आणि घरी तक्ता घेऊन बसलो होतो.

बाईंनी तक्ता बाजूला ठेवायला लावला. म्हणाल्या, "सर, 'हत्ती' म्हणून त्याला काय मिळणार? 'दे', 'नको', 'अजून', 'उघड', 'संपलं' हे शब्द द्या. त्यांनी त्याचं काम होतं."

तर घरी करायच्या गोष्टी अशा. जमिनीवर बसा, तोंडासमोर तोंड येईल असे. मूल कशाकडे बघतंय ते बघा आणि त्याचंच नाव घ्या. तुम्हाला दाखवायचंय त्याचं नाही. ते चाक फिरवत असेल तर "गोल गोल" म्हणा. त्या वेळी गाडीचा रंग विचारू नका. प्रश्न कमी, सांगणं जास्त. मटार सोलताना, आंघोळ घालताना, कपड्यांच्या घड्या करताना छोट्या वाक्यांत बोलत राहा: "पाणी गरम. हात दे. झालं!"

एक वाक्य बोललात की थांबा. मनात पाच-दहा आकडे मोजा, चेहरा उत्सुक ठेवा. हे फार कठीण आहे, विशेषतः प्राध्यापकाला! आपण दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. मुलाला मात्र ऐकायला, जुळवायला आणि तोंड हलवायला वेळ लागतो. चेंडू टाकताना "एक, दोन..." म्हणून थांबा. झोका दोनदा द्या आणि धरून ठेवा. आमच्याकडे झोपाळ्यावरच एके संध्याकाळी "अजू" आलं. आम्ही दोघांनी इतका झोका दिला की सूनबाईंना येऊन थांबवावा लागला.

मुलाने अर्धामुर्धा शब्द उच्चारला तर चूक काढू नका. तोच शब्द नीट म्हणा आणि एक जोडून परत द्या. ते "भूभू" म्हणालं, तुम्ही "भूभू आला" म्हणा. निवड द्या: एका हातात केळं, दुसऱ्यात चिकू, "केळं की चिकू?" बोट दाखवलं तरी ते उत्तर माना, शब्द आपण म्हणा आणि देऊन टाका. "बोललास तरच देईन" हा हट्ट करू नये. भूक ही शिक्षा नाही, आणि बोलणं हा दंड नाही. खुणा केल्याने मूल बोलायचं राहतं असंही नाही. खूण हा शब्दाकडे जाण्याचा पूल असतो.

श्रोत्यांमधून प्रश्न: "घरात मराठी, शेजारी हिंदी, पुढे शाळा इंग्रजी. एकच भाषा ठेवायची का?"

दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही. तुम्हाला जी भाषा मनापासून बोलता येते, जिच्यात रागावता आणि लाड करता येतात, तीच बोला. शब्द मोजताना मात्र दोन्ही भाषांतले धरा.

दुसरा प्रश्न: "मोबाइलवरची गाणी लावून शब्द येतात का?"

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं आहे की एक वर्षाच्या मुलालाही पडदा नको, आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. आमचं म्हणणं साधं आहे: मोबाइल बोलतो, पण मुलासाठी थांबत नाही.

या थांबण्याचे दोन अर्थ आज लक्षात ठेवा. मुलाशी बोलताना थांबायचं, तपासणीसाठी थांबायचं नाही. आम्ही नेमकं उलट केलं होतं. नातू आता साडेचार वर्षांचा आहे. 'र'ला अजून 'ल' म्हणतो, पण दिवसभर बोलतो. ते सात महिने काही परत येत नाहीत. सूनबाईंची आम्ही माफी मागितली. समोर बसलेल्या आजी-आजोबांना एवढंच सांगतो, सून किंवा लेक "मला काळजी वाटते" म्हणाली, तर तिला आपल्या मुलांचे जुने दाखले देऊ नका. तिच्याबरोबर उठून डॉक्टरांकडे जा.

पुढच्या पुष्पात भेटू. नमस्कार.