उसाचा युरिया जातो कुठे?

युरियात ४६ टक्के नत्र असते. मात्र उसाच्या शेतात टाकलेल्या नत्राचा बहुधा निम्म्याहून कमी हिस्सा त्या हंगामात पिकाच्या वाट्याला येतो. ओल मिळताच मातीतील ‘युरिएज’ हे विकर, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे प्रथिन, युरियापासून अमोनिया तयार करते आणि चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत, विशेषतः खत न झाकता वरच्यावर फोकले असल्यास, तो हवेत उडून जातो. मातीत उरलेल्या अमोनियाचे जिवाणू नायट्रेट बनवतात. नायट्रेटवर ऋणभार असल्याने मातीचे ऋणभारित कण त्याला धरून ठेवत नाहीत, त्यामुळे पाटपाण्याच्या सढळ पाळीबरोबर ते मुळांच्या खाली झिरपते. पाणी साचून प्राणवायू तुटला, तर दुसऱ्या जातीचे जिवाणू त्यातूनच नायट्रस ऑक्साइड हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट उष्णता अडवणारा वायू सोडतात.

महाराष्ट्रात सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे ४५ किलोच्या सुमारे १२ गोणी युरियाची शिफारस आहे. लागणीला त्यातील १० टक्केच द्यायचे असते, कारण कोवळा कोंब प्रथम बेण्याच्या कांडीतील साठ्यावरच वाढतो. ४० टक्के सहा ते आठ आठवड्यांनी फुटव्यांसाठी, १० टक्के बारा ते सोळा आठवड्यांनी आणि उरलेले ४० टक्के मोठ्या बांधणीला दिले जाते. त्यानंतरच्या नत्राने पाणकोंब फुटतात, ऊस लोळतो आणि पक्वता लांबून साखर उतारा घटतो.

तरीही बांधणीनंतर युरिया पडतो, आणि त्याचा सगळा दोष अज्ञानाला देणे अन्यायाचे आहे. उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो, शेतकऱ्याला पैसे मात्र वजनावर मिळतात. अनुदानामुळे युरिया स्फुरद-पालाशाच्या खतांपेक्षा पुष्कळ स्वस्तही पडतो. अशा व्यवहारात उतारा जपण्याचे कारण एकट्या शेतकऱ्यापाशी फारसे उरत नाही.

१९८८ मध्ये ब्राझीलमध्ये कॅव्हालकान्ते आणि योहाना डोबेराइनर या संशोधकांनी उसाच्या आत राहून हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. हाच शेतकऱ्यांच्या परिचयाचा ‘अ‍ॅसिटोबॅक्टर’ होय; त्याच्या द्रावणात बेणे बुडवून लावल्यास नत्राची मात्रा निम्म्यावर आणण्याची शिफारस आहे. मात्र उसात नत्र भरपूर झाले की या जिवाणूंची संख्या घटते. त्यामुळे पूर्ण मात्रा देऊन वर बेणेप्रक्रियाही करणारा शेतकरी संवर्धकाचा खर्च बहुतांशी वाया घालवतो.