नखाएवढ्या प्रवाळात दहा लाख

रामटेकजवळच्या मनसर-कांद्रीच्या खाणींतला मँगनीजचा खडा हातात घेतला तर आकाराच्या मानाने भलताच जड लागतो. हा काळा दगड मुळात समुद्रतळावरचा गाळ. जमिनीच्या पोटात भाजून-दाबून त्याचा असा खडक झाला, त्यालाही शंभर कोटी वर्षांच्या आसपास काळ लोटला. तो समुद्र कधीच गेला. आपला आजचा, जिवंत समुद्रतळ मात्र इथून सरळ रेषेत नऊशे किलोमीटरहून दूर, नैऋत्येला आहे. विजयदुर्ग गाठल्यावरही पुढे 105 किलोमीटर नुसतं पाणी, आणि मग पाण्याखाली आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे पठार सुमारे 40 किलोमीटर लांब, 15 किलोमीटर रुंद आहे.

त्याचा माथा आज 20 मीटर पाण्याखाली आहे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा 120 मीटर खाली होती. म्हणजे हा माथा तेव्हा लाटांच्या शंभर मीटर वर, उन्हात कोरडा उभा असणार!

नद्यांचा गाळ इतक्या आत पोचत नाही. पाणी नितळ, ऊन खोलवर जातं आणि त्यावर प्रवाळ जगतं. खरं तर जगवतात ती त्याच्या अंगातली सूक्ष्म शैवालं. एका चौरस सेंटीमीटरमध्ये, म्हणजे नखाएवढ्या जागेत, ती दहा लाखांच्या घरात असतात. चौरस मीटरचा हिशेब मांडा: एक हजार कोटी. पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा जास्त! पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अवघा एक अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की ही शैवालं निघून जातात. प्रवाळ पांढरं पडतं, उपासमारीने मरतं.

भरीव जातीचं प्रवाळ वर्षाला सेंटीमीटरभर वाढतं. मीटरभर उंचीला शंभर वर्षं लागतात, आणि नांगराच्या एका फटक्यात ती जातात. मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो हाच आकडा.

मालवणच्या सागरी अभयारण्याला 1987 पासून संरक्षण आहे, पण ते जेमतेम 29 चौरस किलोमीटर, तेही किनाऱ्यालगत. वन्यजीव कायद्याचं अभयारण्य 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे 22 किलोमीटरपर्यंतच करता येतं. आंग्रिया त्याच्या कितीतरी पलीकडे. तिथे 1976चा सागरी क्षेत्र कायदा चालतो. त्याखाली केंद्र सरकार एखादा टापू खास जाहीर करून तिथल्या सागरी पर्यावरणासाठी नियम घालू शकतं. आंग्रियासाठी हा अधिकार पुरेपूर वापरला पाहिजे, आणि ट्रॉलरची जाळी तळ खरवडून जायच्या आत वापरला पाहिजे.