बिनकामाची चक्कर

कोर्चा, अल्बानिया. जूनअखेर.

संध्याकाळचे सात वाजले की आमच्या घरमालकीणबाई आरशासमोर उभ्या राहतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे, गुडघ्यांनी केव्हाच असहकार पुकारलेला. तरी इस्त्रीचा झगा, केसांना पिना, ओठांवर पुसट लाली आणि मनगटाला अडकवलेली छोटी पर्स. मी इथे राहायला आले त्या पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, बाई कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यात. कुठे चाललात, असं खुणेनं विचारलं. त्या म्हणाल्या, "जिरो." मला ऐकू आलं, झिरो. म्हणजे कुठेच नाही.

पुढे भाषा थोडी उमगायला लागली तेव्हा कळलं की माझे कान चुकले होते, पण अर्थ फारसा चुकला नव्हता. जिरो हा मूळचा इटालियन शब्द, अर्थ फेरी. सायकलशर्यतींच्या शौकिनांना 'जिरो दितालिया' ठाऊक असेल, त्यातलाच हा जिरो. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, चक्कर. आपण चक्कर मारतो, अल्बानियन माणूस जिरो करतो, एवढाच फरक. कुठे पोचायचं नसतं, काही आणायचं नसतं. गावाच्या एका ठरलेल्या रस्त्यावर या टोकाकडून त्या टोकाला चालत जायचं, वळायचं, परत यायचं, पुन्हा वळायचं. तासभर, कधी दोन तास. इटलीत, ग्रीसमध्ये, स्पेनमध्येही अशी संध्याकाळची फेरी आहे आणि प्रत्येकाचं तिला वेगळं नाव आहे. पण इथल्याइतकी नेमानं ती इतरत्र होत असेल असं मला वाटत नाही.

कोर्चात ही फेरी होते ती शन जेर्जी, म्हणजे सेंट जॉर्जच्या नावाच्या रस्त्यावर. एका टोकाला मोठं कॅथेड्रल, दोन्ही बाजूंनी झाडं, झाडांखाली कॅफेंच्या खुर्च्या. वाहनांना इथे मज्जाव आहे. साडेआठपर्यंत उजेड असतो, आणि त्या उजेडात अख्खं गाव संथ चालत असतं. नातवंडाची ढकलगाडी लोटणारे आजोबा, हातात हात गुंफलेल्या दोन मैत्रिणी (दोघींची मिळून दीडशे वर्षं सहज), ताज्या दाढीतली पोरं. कोपऱ्यावर निखाऱ्यांवर मक्याची कणसं भाजणारा एक जण, आणि कागदी पुडीतून सूर्यफुलाच्या बिया विकणारी बाई. बिया दातांनी फोडत चालणं हा जिरोचाच भाग आहे. आपल्याकडे शेंगांची टरफलं, इथे ही. सकाळी झाडणाऱ्यांचं दुःख दोन्हीकडे एकच.

भेटींचीही एक रीत आहे. पहिल्या फेरीत ओळखीचं माणूस दिसलं की थांबायचं, "मिरम्ब्रमा", म्हणजे शुभ संध्याकाळ, म्हणायचं, घरच्या एकेकाची चौकशी करायची. वयस्क पुरुष तेव्हा उजवा हात छातीवर ठेवतात. दुसऱ्या फेरीत तेच माणूस समोर आलं तर नुसती मान हलवायची, तिसऱ्या फेरीत डोळ्यांनीच भागतं. मानेच्या बाबतीत मात्र नवख्याची फसगत होते. जुन्या माणसांत मान आडवी हलवली तर तो होकार असतो आणि वर झटकली तर नकार. माझं आपलं बरं चाललंय, कारण आपली ती डावी-उजवीकडे डुलणारी मान इथे हमखास "हो" म्हणून धरली जाते.

देशाबद्दल दोन शब्द सांगते, कारण मला इथे यायचं ठरलं तेव्हा साताऱ्यात तिघांनी "अल्बानिया म्हणजे आफ्रिकेत ना?" असं विचारलं होतं. देश युरोपातला आहे, ग्रीसच्या डोक्यावर, इटलीच्या समोर, मधे समुद्र. आकार सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एकत्र करून त्यात आणखी निम्म्याची भर घालावी एवढा. माणसं मात्र त्यातल्या एकट्या जिल्ह्यापेक्षाही कमी. मदर तेरेसा मूळच्या अल्बानियन कुटुंबातल्या. राष्ट्रपुरुष स्कँडरबेग, पंधराव्या शतकातला, क्रुया नावाच्या डोंगरी गडाच्या आधारानं त्यानं तुर्की सुलतानाच्या फौजांना पंचवीस वर्षं झुंजवलं. साताऱ्याच्या माणसाला ही गोष्ट सांगायला दोन वाक्यं पुरतात. पुढचं तो आपणहून समजून घेतो.

आता मूळ प्रश्न. एवढं चालायचं कशासाठी?

घरमालकीणबाईंचं उत्तर सोपं होतं. "दुसरं होतं काय?" १९४४ पासून १९८५ पर्यंत इथे एन्व्हर होजा या हुकूमशहाची सत्ता होती, आणि तो गेल्यावरही राजवट १९९१ पर्यंत रेटली गेली. खासगी मोटार बाळगायला बंदी. परदेशी जायला बंदी. १९६७ पासून देवाधर्मालाही बंदी. चर्च, मशिदी बंद झाल्या, काही पाडल्या गेल्या, कोर्चाचं सेंट जॉर्जचं जुनं चर्चही पाडलं. आज रस्त्याच्या टोकाला दिसतं ते कॅथेड्रल १९९० नंतरचं. शत्रू येणार म्हणून देशभर काँक्रीटचे लाखाहून अधिक बंकर बांधले, ते अजून शेतांतून कासवासारखे पालथे पडलेले दिसतात. शत्रू काही आला नाही. अशा देशात संध्याकाळी माणसानं जायचं कुठे? मोटारी नाहीत म्हणून रस्ते मोकळे, आणि रस्ते मोकळे म्हणून माणसं रस्त्यावर. फुकटची करमणूक तेवढी एकच होती. सरकारचे हेरही त्याच गर्दीत चालायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून बोलणं हवापाण्याचं आणि खरं बोलणं डोळ्यांनी, असं बाई सांगतात.

जिरो बंद पडला तो १९९७ मध्ये. देशभर दामदुप्पट योजनांचं पीक आलं होतं. लोकांनी घरं विकून, गुरं विकून पैसे टाकले आणि वर्षाच्या सुरुवातीला त्या एकामागून एक बुडाल्या. (आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा अनुभव न घेतलेलं घर शोधावं लागेल.) इथे लोकांनी शस्त्रागारं लुटली, घराघरांत बंदुका आल्या, आणीबाणी पुकारली गेली. त्या वसंत ऋतूत संध्याकाळी रस्त्यावर कोणी नसायचं. मग हळूहळू माणसं परत चालायला लागली. बाई म्हणतात, सरकार सावरल्याची बातमी रेडिओवर ऐकली त्यापेक्षा समोरच्या शिंपिणीला लाल कोट घालून जिरोला निघालेली पाहिली, तेव्हा जीव खाली पडला.

इथे एका शब्दानं मला चकित केलं. अल्बानियावर पाचशे वर्षं तुर्की अंमल होता, त्यामुळे फारसी-अरबी शब्दांचं जे गाठोडं आपल्याकडे आलं त्यातलं बरंचसं इथेही उतरलं. बाजाराला पझार, मैदानाला मेयदान, दुकानाला द्युचान. गप्पांना मात्र म्हणतात मुहाबेत. आपली मोहब्बत ती हीच. आपल्याकडे ती सिनेमात गेली, इथे चौकात बसून राहिली. आणि नुसतं उभं राहून इतरांकडे बघत बसणं, त्याला सेहिर. आपल्या 'सैर'शी त्याचं नातं आहे. कॅफेच्या खुर्चीत एका कॉफीवर तासभर बसून येणारे-जाणारे न्याहाळणारा माणूस सेहिर करत असतो. मराठीत आपण त्याला बघ्या म्हणतो आणि तुच्छतेनं म्हणतो. इथे तो अर्धा जिरो आहे. चालणाऱ्यांना बघणारे लागतातच, नाहीतर एवढी इस्त्री कुणासाठी?

बघ्यांचा विषय निघाला की मला आजोळ आठवतं, सांगली. पावसाळ्यात कृष्णा फुगली की अख्खी सांगली आयर्विन पुलाकडे निघते. "पाणी किती फुटांवर?" हा त्या दिवसांतला नमस्कार. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे सांगलीच्या शेंबड्या पोरालाही पाठ. २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा बघायला जायचीही सोय उरली नाही, ते घरातच आलं. पण एरवीच्या वर्षी ती पाणी बघायला जाण्याची संध्याकाळ जिरोच असते. ठेवणीतल्या छत्र्या, वर्षानं भेटणारी माणसं, हातात भडंगाचा पुडा, आणि प्रत्येकाचं पाटबंधारे खात्याच्या वरचढ अनुमान. फक्त त्यासाठी नदीला पूर यावा लागतो.

घोळ इथेच आहे. आपल्याकडे चक्करेला कारण लागतं. मी साताऱ्यात वाढले. पोवई नाका ते राजवाडा, ज्याला आम्ही वरचा रस्ता म्हणतो, तो राजपथ. साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात आणि हे पेन्शनर संध्याकाळी त्याच रस्त्यानं गोल बागेपर्यंत यायचे. कॉलेजातली मुलं मोती चौकाच्या आसपास घोळक्यानं असायची, बिनकामाची, कोणी हटकायचं नाही. आम्हा मुलींना मात्र घरातून निघताना काहीतरी दाखवावं लागे. वाचनालयाचं पुस्तक, मॅचिंगचा दोरा, शिलाईला टाकलेला ब्लाऊज, देवीचं दर्शन. एकच दोऱ्याचं रीळ मी आठवड्यातून दोनदा 'विसरून' आलेली आहे. सांगलीच्या मामेबहिणींचं जरा बरं होतं. गणपती मंदिर आणि पुढे घाट, देवाचं नाव घेतलं की संध्याकाळ सुटायची. आज कारण बदललंय, साखर. अजिंक्यताऱ्यावर पहाटे, कुरणेश्वरच्या रस्त्याला संध्याकाळी, हातवारे करत झपाझप चालणारी माणसं भेटतात, मनगटावरचं घड्याळ पावलं मोजत असतं. चांगलंच आहे. पण त्यांना हाक मारून थांबवलं तर ती उभ्या जागी पाय हलवत बोलतात.

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना दोऱ्याच्या रिळाचं फार हसू आलं. इथे बायका-मुली पुरुषांइतक्याच हक्कानं रस्त्यावर असतात, हे मला पहिल्या दिवसापासून जाणवतं. तरी चित्र फार गोड करून सांगत नाही. जिरो ही गावाची पंचायतही होती. कोण कुणाबरोबर तिसऱ्यांदा दिसली, कुणाच्या बुटांना टाच नवी, कुणाचा नवरा महिनाभर एकटाच फिरतोय, सगळं टिपलं जाई. लग्नं इथेच ठरत. मुलाची आई मुलीला चार संध्याकाळी चालताना बघून घ्यायची, मग निरोप धाडायची. म्हणजे दाखवण्याचा कार्यक्रमच, फक्त कांदेपोहे नाहीत आणि मुलीलाही मुलगा निरखून बघता येतो, ही जमेची बाजू. आता ते काम मोबाइल करतो, असं इथले तरुण म्हणतात. तरी शनिवारी केसांना जेल लावून येतातच.

याच शन जेर्जी रस्त्यावर एक जुनी इमारत आहे. ७ मार्च १८८७ रोजी तिथे अल्बानियन भाषेतून शिकवणारी पहिली शाळा सुरू झाली, त्या वेळी तुर्की अमलात ही साधी गोष्ट नव्हती. ७ मार्च हा आता इथला शिक्षक दिन. बाईंनी अभिमानानं ती इमारत दाखवली तेव्हा मी त्यांना राजवाड्यातल्या प्रतापसिंह हायस्कूलबद्दल सांगितलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे भिवा नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं, पुढे तो बाबासाहेब आंबेडकर झाला, आणि महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन. आमच्याही गावाचा फिरायचा रस्ता त्या शाळेपाशीच संपतो, म्हटलं. त्यांनी मान आडवी हलवली. होकार होता.

गर्दी आटत चाललीय, हेही लिहायला हवं. राजधानी तिरानात १९९१ नंतर जुन्या मर्सिडीज गाड्यांचा लोंढा आला आणि जिरो आक्रसला. स्कँडरबेग चौक २०१७ मध्ये वाहनांपासून सोडवला, तिथे आता पुन्हा माणसं फिरतात. पण मोठी गळती वेगळीच आहे. २०११ च्या जनगणनांत अल्बानिया आणि सांगली जिल्हा, दोघांची लोकसंख्या अठ्ठावीस लाखांच्या घरात होती. २०२३ मध्ये अल्बानियाची चोवीस लाखांवर आली. तरुण ग्रीसला, इटलीला, जर्मनीला गेले. बाईंची दोन्ही मुलं त्यातलीच. विटा-खानापूरची गलाई करणारी घरं देशभर पांगली, साताऱ्याची वाडी-वस्ती मुंबईत माथाडी झाली, आणि यात्रेला गाव पुन्हा भरतं, तसं इथे ऑगस्टमध्ये होतं. त्या महिन्यात शन जेर्जीवर पाय ठेवायला जागा नसते म्हणे, आणि बाईंना एकेका फेरीला तास लागतो, कारण प्रत्येक जण पहिल्या फेरीतला असतो.

सातारकरांना एवढंच विचारायचं आहे. पोवई नाक्याखाली वाहनांसाठी भुयारी रस्ते झाले. वर, मोती चौक ते राजवाडा एवढा तुकडा रविवारी संध्याकाळी सहा ते आठ फक्त पायांना देता येणार नाही का? गणपती विसर्जनाला देताच. पेढेवाल्यांचं नुकसान होणार नाही, चौपाटीवरच्या गाड्यांचं तर नाहीच. इथल्या बियावाल्या बाईला मी विचारून घेतलंय.