शेरखानच्या रस्त्यावरचं गाव

रविवारची सकाळ. टिनाच्या छपरावर एक पोट्टं चढलेलं, हातात अँटेनाचा दांडा. वरून प्रश्न, “आलं का बे?” खालून उत्तर, “मुंग्याच येऊन राह्यल्या! जरा आदिलाबादकडे फिरव!” दांडा फिरायचा, मुंग्या विरळ व्हायच्या आणि चड्डीतला मोगली वेलीला लोंबकळत दिसायचा. तेवढ्यात लाईन गेली, की त्या आठवड्याचा मोगली संपला.

नव्वदच्या दशकात विदर्भातल्या पांढरकवड्यात वाढलेल्या कुणालाही हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. 1983 साली इन्सॅट-1बी अवकाशात गेला, पुढच्या काही वर्षांत लहान लहान गावांपर्यंत दूरदर्शन पोचलं आणि शेजारच्याच्या टीव्हीसमोर सतरंजी टाकून बसायची एक रीत पडली. स्पायडरमॅन आला, ‘डकटेल्स’ आणि ‘टेलस्पिन’ आले. पण मनात घर केलं ते मोगलीनं. मालिका मूळची जपानी. ‘निप्पॉन ॲनिमेशन’नं 1989 साली काढलेली, 52 भागांची. दूरदर्शनवर ती 1993 मध्ये हिंदीत आली. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं. मराठी म्हणावं असं त्यात एकच होतं, शेरखानचा आवाज. तो नाना पाटेकरांचा.

पुढे 1 मे 1995 रोजी, नेमक्या महाराष्ट्र दिनी, ‘कार्टून नेटवर्क’ भारतात सुरू झालं. केबल आली तशी रविवारची वाट पाहणं संपलं. 2008 मध्ये ‘पोगो’वर ‘छोटा भीम’ आला. त्या पिढीचं बालपण वेगळं, तिच्या आठवणीही वेगळ्या.

जुन्या दिवसांच्या या ओढीला मराठीत स्मरणरंजन म्हणतात. शब्द गोड आहे. इंग्रजीतला ‘नॉस्टॅल्जिया’ मात्र जन्माला आला तो रोगाचं नाव म्हणून. 1688 साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला प्रबंध लिहिला आणि परमुलखात घराच्या ओढीनं खंगणाऱ्या माणसांच्या दुखण्याला हे नाव दिलं. पांढरकवड्याच्या माणसाला मोगली आठवतो तेव्हा रंजन आणि दुखणं, दोन्ही एकदम येतात. त्याचं कारण भूगोलात आहे.

गावाला लागून जाणारा महामार्ग पूर्वी सात नंबरचा होता, आता चव्वेचाळीस नंबरचा आहे. दक्षिणेला निघालं की पाटणबोरी, मग पैनगंगेचा पूल, आदिलाबाद आणि शेवटी हैदराबाद. ‘छोटा भीम’ घडवणारी ‘ग्रीन गोल्ड’ ही कंपनी त्याच शहरातली. उत्तरेला निघालं की हिंगणघाट, नागपूर, पेंचचं जंगल आणि तीनशे किलोमीटरच्या आत सिवनी. हे सिवनी म्हणजेच रुडयार्ड किपलिंगचं ‘सीओनी’. 1894 साली आलेल्या त्याच्या ‘द जंगल बुक’मधल्या मोगलीच्या कथा तिथल्याच डोंगरांत घडतात. किपलिंग स्वतः तिकडे कधी गेला नव्हता, असं अभ्यासक मानतात. रॉबर्ट स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याचं सातपुड्यातल्या मुक्कामांवरचं पुस्तक 1877 साली निघालं होतं. तो मुलूख किपलिंगनं त्यातून उचलला.

किपलिंगचा शेरखान राहतो वैनगंगेच्या काठी. पांढरकवड्याजवळून वाहणाऱ्या नदीचं नाव खुनी. खुनीचं पाणी पैनगंगेला मिळतं, पैनगंगा वर्धेला, आणि वर्धा वैनगंगेला मिळाली की पुढे दोघींची प्राणहिता होते. छपरावर चढून आम्ही जे जंगल जपानहून आणू पाहत होतो, ते याच सडकेवर होतं आणि त्याची नदी आमच्याच नदीला पुढे भेटत होती. हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. शाळेत नद्या पाठ केल्या, टीव्हीवर मोगली पाहिला. दोन्हींची गाठ पडली नाही.

वाघही लांब नव्हता. तालुक्यातलं टिपेश्वर अभयारण्य जेमतेम 148 चौरस किलोमीटरचं. भोवती पऱ्हाटी, तूर आणि गावं. वाघाची वाट शेताच्या बांधावरून जाते आणि जागलीला निघालेल्या माणसाची वाटही तीच.

मूळ पुस्तकात एक गोष्ट आहे, ती कार्टून पाहताना लक्षात येत नाही. जंगलाच्या कायद्यानं माणसाला मारायला बंदी आहे. खरं कारण किपलिंग सरळ सांगतो. माणूस मारला, की आज ना उद्या हत्तींवर बसून बंदूकवाले येतात, हाकारे येतात, आणि मग साऱ्या जंगलाचे हाल होतात.

2018 साली तेच झालं. पांढरकवडा-राळेगाव भागातल्या टी-1 या वाघिणीशी, म्हणजे अवनीशी, दोन वर्षांतले 13 माणसांचे मृत्यू जोडले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिला शोधायला हत्ती आणले गेले, ट्रॅप कॅमेरे लावले गेले, ड्रोन उडाले. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटी गावाजवळ तिला गोळी घातली गेली. ऐन कापूस वेचणीचे दिवस. शहरांतून मेणबत्त्या घेऊन निषेध झाले, इकडे गावांत लोकांनी सुटकेचा श्वास टाकला.

1993 मध्ये आठ वर्षांचं असलेलं पोट्टं तेव्हा तेहेतीस वर्षांचं होतं. त्यातल्या कुणाची बायको वेचणीला जात होती, कुणाचा बाप गुरं घेऊन रानात. पुस्तकात मोगलीही काही दिवस गावचा गुराखी होतो आणि म्हशींच्या कळपाखाली शेरखानला तुडवून मारतो. बोराटीच्या गुराख्याकडे तसा कळप नव्हता. मुंबई-पुण्याच्या माणसाला शेरखान आठवला की नानाचा आवाज ऐकू येतो. इथल्या माणसाला त्या आवाजापाठोपाठ दिवस मावळायच्या आत घरी परतायची घाईही आठवते. म्हणून ही आठवण खोटी ठरत नाही. उलट माझं मत असं, की मोगली खऱ्या अर्थानं कळलेला प्रेक्षक असेल तर तो इथेच आहे, कारण माणसाची भीती आणि वाघाची अडचण ही दोन्ही बाजूंची गोष्ट त्यानं टीव्ही बंद झाल्यावर पाहिली आहे.

टाळेबंदीत, 8 एप्रिल 2020 पासून, दूरदर्शननं ‘द जंगल बुक’ पुन्हा दाखवलं. अवनीला जाऊन दीड वर्षही झालं नव्हतं. आईबापांनी कौतुकानं पोरांना बोलावलं. अँटेना फिरवायची गरज उरली नव्हती.

त्याआधीच्या काही महिन्यांत टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन जागा शोधत फिरत होता. तेलंगणात जाऊन, शेतं, रस्ते, नाले ओलांडत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची पायपीट तीन हजार किलोमीटरच्या वर भरली. मोगलीच्या 52 भागांत एवढा प्रवास कुणी केला नाही.

पोरांना मोगली जरूर दाखवा. दाखवताना नकाशा काढा, सिवनी, पेंच आणि पांढरकवडा एका रेघेत दाखवा आणि एक गोष्ट आणखी सांगा. अवनीच्या दोन बछड्यांपैकी मादी डिसेंबर 2018 मध्ये पकडली गेली. तिला पेंचला, म्हणजे मोगलीच्या जंगलात नेलं. दोन वर्षं कुंपणात वाढवून मार्च 2021 मध्ये तिला मोकळं सोडलं. दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत ती जखमी झाली आणि काही दिवसांतच मेली.