विश्लेषण : पुण्यातून गेलेल्या बॉम्बफेकी विमानांनी दाबोळीची फक्त धावपट्टीच का फोडली?

स्वारगेट बस स्थानकातून रात्री गोव्याची गाडी पकडली, की सकाळी पणजी. रस्त्याने हे अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर. १८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी पुण्याच्या लोहगाव तळावरून भारतीय हवाई दलाची १२ कॅनबेरा विमाने याच दिशेने झेपावली. त्यांचे लक्ष्य होते दाबोळी विमानतळ, पण संपूर्ण विमानतळ नव्हे. गोवा मुक्तीच्या इतिहासातील हा हवाई हल्ला नेमका कसा झाला आणि तो आजही का अभ्यासला जातो?

पुण्याची निवड का?

‘ऑपरेशन विजय’ची सूत्रे पुण्यातील दक्षिण कमांडच्या मुख्यालयाकडे होती. त्या वेळी लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी दक्षिण कमांडचे प्रमुख होते. हवाई मोहिमेची जबाबदारी एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. विमानांची जमवाजमव पुणे आणि बेळगावजवळचे सांबरा अशा दोन तळांवर झाली. लोहगाव ते दाबोळी हे सरळ हवाई अंतर जेमतेम साडेतीनशे किलोमीटर. दोन जेट इंजिनांच्या कॅनबेरासाठी हा टप्पा सुमारे अर्ध्या तासाचा. ब्रिटिश बनावटीची ही विमाने १९५७ पासून भारतीय ताफ्यात होती.

आदेश काय होता?

दाबोळी हा गोव्यातील एकमेव विमानतळ. भारताने केलेल्या आर्थिक नाकेबंदीवर उपाय म्हणून पोर्तुगीजांनी तो १९५०च्या दशकात उभारला होता. तो निकामी करायचा, मात्र टर्मिनलची इमारत आणि इतर सुविधांना धक्का लावायचा नाही, असा स्पष्ट आदेश होता. बांबोळीचे बिनतारी संदेश केंद्र उद्ध्वस्त करणे हे दुसरे काम. ज्या भूमीला मुक्त करायचे, तिथला विमानतळ उद्या आपल्यालाच वापरायचा आहे, हा विचार या आदेशात उघड दिसतो.

हल्ला कसा झाला?

विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखालील १२ कॅनबेरांनी काही मिनिटांत ६३ हजार पौंड, म्हणजे २८ टनांहून अधिक वजनाचे बॉम्ब धावपट्टीवर टाकले. त्यानंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली आठ कॅनबेरांनी दुसरा हल्ला केला. सांबऱ्याहून आलेल्या सहा हंटर विमानांनी रॉकेट आणि तोफांचा मारा करून बांबोळीचे केंद्र बंद पाडले. हवेत प्रतिकार झालाच नाही, कारण गोव्यात पोर्तुगालचे एकही लढाऊ विमान नव्हते.

मग पोर्तुगीज विमाने निसटली कशी?

दाबोळीवर दोन प्रवासी विमाने उभी होती. एक कॉन्स्टेलेशन, दुसरे डीसी-४. भारतीय वैमानिकांनी त्यांना हात लावला नाही. त्याच दिवशी विमानतळावरील कामगारांनी धावपट्टीचा काही भाग घाईघाईने बुजवला. विमानांचे वजन कमी करण्यासाठी जादा आसने आणि सामान काढून टाकण्यात आले. अंधार पडल्यावर अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन कॉन्स्टेलेशनने सुमारे ७०० मीटर धावपट्टीवरून उड्डाण केले. उडालेल्या खडी-दगडांनी विमानाला भोके पडली, तरी ते निघाले. पाठोपाठ डीसी-४ गेले. अगदी कमी उंचीवरून उडत, भारतीय गस्त चुकवत दोन्ही विमाने कराचीला पोहोचली. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली.

धावपट्टी फोडूनही विमानतळ बंद का होत नाही?

कारण खड्डा भरता येतो. मुरूम-खडी टाकून, रोलर फिरवून काही तासांत पट्टी कामचलाऊ करता येते. शिवाय विमानाला संपूर्ण पट्टी लागतेच असे नाही. दोन खड्ड्यांमधला पुरेसा लांब तुकडा शिल्लक राहिला, तरी उड्डाण होऊ शकते.

१९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनच्या व्हल्कन विमानाने हजारो किलोमीटर उडून स्टॅनली विमानतळावर २१ बॉम्ब टाकले. धावपट्टीवर लागला एकच, आणि अर्जेंटिनाची मालवाहू विमाने पुढेही तिथे उतरत राहिली. याउलट १९७१ मध्ये भारतीय मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या तेजगाव धावपट्टीवर पुन्हा पुन्हा हल्ले केले. दुरुस्तीला उसंतच मिळाली नाही आणि पाकिस्तानी सेबर विमाने जमिनीवरच अडकली. म्हणजे पहिल्या हल्ल्यापेक्षाही त्यातले सातत्य महत्त्वाचे.

संयमाने काय साधले?

केवळ लष्करी हिशेबाने पाहिले, तर दोन विमाने हातची गेली. पण त्यांत सैनिकांची कुटुंबे होती, आणि ती जळाली असती तर विजयावर वेगळाच डाग राहिला असता. टर्मिनल वाचले, धावपट्टी दुरुस्त झाली. १९६२ मध्ये दाबोळी नौदलाकडे गेले आणि पुढे तिथूनच प्रवासी विमानेही उडू लागली. २०२३ मध्ये मोपा येथून उड्डाणे सुरू होईपर्यंत विमानाने गोव्यात येणारा प्रत्येक पर्यटक दाबोळीलाच उतरत होता.

लोहगावही असेच आहे. हवाई दलाच्या तळावरच पुणेकरांचा विमानतळ चालतो. स्वारगेटहून रात्रभराचा जो प्रवास, तोच लोहगावहून तासाभराचा. पुण्याहून विमानाने दाबोळीला उतरणारा प्रवासी आजही एका लष्करी तळावरून निघून दुसऱ्या लष्करी तळावर पोहोचत असतो.